खेळाडूंना गुण नकोत, वेळ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या क्रीडागुणांवरून आपल्या वाचकपत्रांत चाललेली चर्चा मी अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्यात, बर्लिंग्टन गावी बसून वाचते आहे. खेळणाऱ्या मुलांना जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. काहींना ते फुकटचे वाटतात, काहींना अपुरे. दोन्हीकडच्या पत्रांतली तळमळ खरी आहे. पण माझ्या मते खेळणाऱ्या मुलाची अडचण गुणांची नाहीच, वेळेची आहे. हे मी मोघम बोलत नाही. ज्या खेळाच्या शेजारी मी इतकी वर्षं राहते आहे, त्यातल्या एका मुलीची हकिगत सांगते. खेळ बर्फावरचा आहे. आपल्याकडे स्की म्हटलं की गुलमर्ग नाही तर औली आठवतं, आणि मिरजेत वाढलेल्या माझ्यासारखीला तर तेही लांबचंच. पण ही हकिगत कुठल्याही मैदानाला लागू पडेल.

मी इथे कॉलेजच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. माझ्याकडे येणाऱ्यांत दर वर्षी एक-दोघं स्की-संघातले असतात. हिवाळ्यात मी इथल्या स्टो गावच्या डोंगरावर, कॉलेजांच्या स्की-शर्यतीत गेट-जज म्हणून उभी राहते. गेट म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांची खूण; धावपटू प्रत्येक गेटातून नीट गेला की नाही हे गेट-जजने बघायचं. हे काम बिनपगारी असतं, गावातले बरेच लोक करतात. हातात पुठ्ठा, पेन्सिल आणि आपल्या वाट्याला आलेली चार-सहा गेटं. स्लॅलम म्हणजे जवळजवळ रोवलेल्या गेटांमधून वळणं घेत उतरायची शर्यत (गेटं लांब लांब असली की ती जायंट स्लॅलम). त्यात दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेवरून गेले पाहिजेत. एक स्की खांबाच्या चुकीच्या बाजूने गेली की शर्यत संपली. आम्ही त्या धावपटूचा क्रमांक लिहायचा, गेटचा क्रमांक लिहायचा आणि कुठून कसा गेला त्याचं चित्र काढून ठेवायचं, कारण बाद झालेल्यांची यादी लागल्यावर तक्रारीला १५ मिनिटं असतात आणि मग आमच्या त्या चित्रावर निकाल ठरतो. मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली. पहिल्यांदा स्लॅलम बघितली तेव्हा मला एकेरी साखळी आठवली: प्रत्येक खांबाला तेवढंच वळायचं, जराही जास्त नाही, आणि नजर पुढच्या दोन खांबांवर. फरक इतकाच की इथे पायाखाली पाणी मारून कडक केलेला बर्फ असतो.

आता त्या मुलीबद्दल. लॉरेन्स सेंट-जर्मेन, जन्म १९९४, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली, माँ-सेंट-ॲन डोंगराच्या पायथ्याशी वाढलेली. ती इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमॉन्टमध्ये कंप्युटर सायन्स शिकायला आली, विद्यापीठाच्या संघातून शर्यती धावली आणि २०१९ मध्ये तिने पदवी घेतली. त्याच वर्षांत ती कॅनडासाठी विश्वचषकाच्या, म्हणजे हिवाळाभर ठिकठिकाणी चालणाऱ्या मालिकेच्या, शर्यतीही धावत होती. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, प्योंगचांगला, ती स्लॅलममध्ये पंधरावी आली. म्हणजे ऑलिंपिक खेळली तेव्हा तिची पदवी अजून पूर्ण व्हायची होती.

मग आला १८ फेब्रुवारी २०२३. फ्रान्समधलं मेरिबेल, जागतिक अजिंक्यपद, महिलांची स्लॅलम. पहिल्या फेरीनंतर अमेरिकेची मिकेला शिफ्रिन पहिली. शिफ्रिनबद्दल वेगळं सांगायला नको. तोपर्यंत तिने विश्वचषकाच्या ८५ शर्यती जिंकल्या होत्या आणि पुढच्याच महिन्यात स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ विजयांचा विक्रम तिने मोडला. सेंट-जर्मेन तिसरी होती, सेकंदाच्या ६१ शतांशांनी मागे. विश्वचषकाच्या शर्यतीत ती तोपर्यंत एकदाही पहिल्या तिघींत आलेली नव्हती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीस जणी उलट्या क्रमाने सुटतात, म्हणजे सर्वांत वेगवान मुलगी सर्वांत शेवटी, तोवर खणून निघालेल्या बर्फावर. सेंट-जर्मेन खाली आली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. शिफ्रिन शेवटी सुटली. ती अंतिम रेषेवर आली तेव्हा दोन फेऱ्यांची बेरीज सेंट-जर्मेनपेक्षा ५७ शतांशांनी जास्त भरली. १९६० मधल्या ॲन हेगट्व्हाइटनंतर कॅनडाच्या कुठल्याही मुलीला स्लॅलमचं जागतिक विजेतेपद मिळालेलं नव्हतं.

तेव्हा ती २८ वर्षांची होती. पदवी हातात होती आणि माँट्रियलच्या पॉलिटेक्निकमध्ये बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा दुसरा अभ्यासक्रमही तिने सुरू केला होता. आमच्या गावात त्या दिवशी माणसं रस्त्यात थांबून एकमेकांना सांगत होती. मी माझ्या पुण्याच्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, "ताई, कोण गं ही?" मी तासभर सांगत बसले.

याच विद्यापीठातली, सेंट-जर्मेनच्याच वयाची, तिच्याच संघातली पॉला मोल्टझन. तिची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण तिच्या वाटेत एक दार बंद झालं होतं. ती मिनेसोटातली, बक हिल नावाच्या जेमतेम शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर स्की शिकलेली. आई-वडील तिथेच स्की शिकवायचे. २०१५ मध्ये नॉर्वेतल्या हाफयेलला ती स्लॅलमची कनिष्ठ जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून तिला वगळलं. बावीस वर्षांची मुलगी, संघ नाही, प्रशिक्षक नाही, प्रवासाचा खर्च द्यायला कुणी नाही. आपल्याकडे या टप्प्यावर काय होतं ते मी सांगायची गरज नाही. घरचे म्हणतात, झालं तेवढं पुरे, आता नोकरीचं बघ.

मोल्टझन कॉलेजात आली. जीवशास्त्र घेतलं. २०१७ च्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या कॅनन डोंगरावर झालेल्या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, पहिल्याच वर्षी, ती स्लॅलम जिंकली. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये किलिंग्टनला, म्हणजे इथून दोनेक तासांवर, विश्वचषकाची शर्यत झाली. चाचणी देऊन तिने तिथे जागा मिळवली आणि कॉलेजची विद्यार्थिनी असताना ती सतरावी आली. त्यानंतर राष्ट्रीय संघाने तिला परत बोलावलं. २०२० मध्ये ऑस्ट्रियातल्या लेखला समांतर शर्यतीत (दोघी शेजारी-शेजारी एकाच वेळी सुटतात ती) दुसरी. २०२५ च्या जागतिक स्पर्धेत, झालबाखला, जायंट स्लॅलममध्ये कांस्य, तिसाव्या वर्षी. बाविसाव्या वर्षी वगळलेली मुलगी तिसाव्या वर्षी पदक घेते, याचा अर्थ मधली काही वर्षं कुणीतरी तिला खेळत ठेवलं. ते कॉलेजने ठेवलं.

ही दोनच उदाहरणं निवडून काढली आहेत असं कुणाला वाटेल, म्हणून हेही सांगते. सेंट-जर्मेनच्या सुवर्णाच्या चार दिवस आधी त्याच मेरिबेलला सांघिक समांतर शर्यत झाली आणि अमेरिकेने ती पहिल्यांदा जिंकली. सहा जणांच्या त्या संघात मोल्टझन व्हरमॉन्टची, केटी हेन्सिएन डेन्व्हर विद्यापीठाची, आणि नीना ओब्रायन, टॉमी फोर्ड हे दोघं डार्टमथ कॉलेजचे. डार्टमथचाच डेव्हिड चोडुन्स्की त्याआधीचा: इंजिनिअरिंग आणि भूशास्त्र दोन्ही शिकला, २००५ मध्ये कॉलेजांची राष्ट्रीय स्लॅलम जिंकला, पदवी घेऊन मगच राष्ट्रीय संघात शिरला आणि सोची आणि प्योंगचांग अशी दोन ऑलिंपिक खेळला.

हे जमतं कसं? यात जादू काही नाही, वेळापत्रक आहे. कॉलेजांच्या शर्यती जानेवारीपासून, बहुतेक शुक्रवार-शनिवारी असतात; एक दिवस जायंट स्लॅलम, एक दिवस स्लॅलम. मुलं गुरुवारी दुपारी व्हॅनमध्ये बसतात. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक खेळाडूच्या हाती एक पानाचं पत्र असतं. त्यात वर्षभराच्या सगळ्या स्पर्धांच्या तारखा, कोणता तास बुडणार, कोणती चाचणी आड येणार ते लिहिलेलं असतं. मुलगा स्वतः ते पत्र प्रत्येक प्राध्यापकाकडे घेऊन जातो आणि तिथल्या तिथे ठरतं: चाचणी आधी द्यायची, नंतर द्यायची, की मुक्कामाच्या हॉटेलात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्याच वेळी द्यायची. पेपर तोच, वेळ तेवढाच, गुणांत सूट शून्य. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने कॅल्क्युलसची चाचणी अशीच दिली. शर्यत झाल्यावर, सूज आलेल्या गुडघ्यावर बर्फ बांधून. इंटिग्रेशनच्या एका उदाहरणात तिचं चिन्ह चुकलं आणि तिचे गुण कापले गेले. तिची काही तक्रार नव्हती. परत आल्यावर आम्ही तेच उदाहरण सोडवलं.

याला दुसरीही बाजू आहे. कॉलेजलाही मुलाला वाटेल तेवढं राबवता येत नाही. हंगामात सराव आणि स्पर्धा मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. खेळाडूला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि ठरलेली प्रगती दाखवली नाही तर तो संघाबाहेर. नियम दोन्हीकडून बांधतात, म्हणून कुणी कुणावर उपकार करत नाही. डार्टमथला तर वर्षाचे चार भाग आहेत, दहा-दहा आठवड्यांचे. कोणत्या भागात शिकायचं आणि कोणत्या भागात सुटी घ्यायची याला बराच वाव असतो. राष्ट्रीय संघातून खेळणारी स्कीवाली मुलं हिवाळ्याचा भाग मोकळा ठेवू शकतात आणि उन्हाळ्यात, बाकी बरीच मुलं घरी गेलेली असताना, वर्गात बसू शकतात. पदवीला चार वर्षांऐवजी सहा-सात वर्षं लागली तरी त्या मुलाला नापास म्हणत नाहीत. ही एवढी गोष्ट जरी आपल्या विद्यापीठांनी उचलली तरी कितीतरी मुलं वाचतील.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इथल्या राष्ट्रीय कॉलेज-स्पर्धेत १९८३ पासून मुलगे आणि मुली यांचे गुण एकाच बेरजेत धरतात. विजेतेपद मुलांच्या संघाला वेगळं आणि मुलींच्या संघाला वेगळं असं नसतं. व्हरमॉन्टने ही स्पर्धा सहा वेळा जिंकली आहे, शेवटची २०१२ मध्ये. मुलगी गेटवर पडली तर मुलाचंही विजेतेपद जातं. त्यामुळे मुलींचा सराव, मुलींचे प्रशिक्षक, मुलींच्या स्कीला मेण लावणारा तंत्रज्ञ यांच्याकडे दुर्लक्ष करणं कुठल्याच विद्यापीठाला परवडत नाही. खो-खोत, हॉकीत, कुस्तीत आपल्या विद्यापीठांनी एखाद्या वर्षी असा प्रयोग करून पाहावा, काय होतं ते बघावं.

चांगलंच तेवढं सांगून थांबले तर ते खरं होणार नाही. हा खेळ महाग आहे, आणि उतारावर दिसणारी बहुतेक मुलं सुखवस्तू घरांतली असतात. वर्षानुवर्षं नियम असा होता की एका विद्यापीठाने स्की-संघाला मिळून पुरुषांसाठी ६.३ आणि महिलांसाठी ७ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम द्यायची. ती सगळ्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. डार्टमथसारखी आयव्ही लीगमधली, म्हणजे आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटातली, कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. शिवाय नॉर्वे, ऑस्ट्रियाची तेवीस-चोवीस वर्षांची तयार मुलं इथे प्रवेश घेतात, आणि अठरा वर्षांच्या स्थानिक मुलाला संघात जागा मिळत नाही म्हणून पालक रागावतात. त्यांचा राग मला समजतो. पण ती युरोपातली मुलं येतात ती याचसाठी, की त्यांच्याकडे राष्ट्रीय संघ सुटला की शिक्षण आणि खेळ एकत्र चालवण्याची सोय इतकी सहज मिळत नाही. नॉर्वेचा लाइफ क्रिस्टियन हाउगेन डेन्व्हरला शिकला आणि २०१७ मध्ये जागतिक स्पर्धेत जायंट स्लॅलमचं कांस्य घेऊन गेला.

महागाईवर उतारा म्हणून आमच्याजवळच्या रिचमंड गावातली एक टेकडी सांगते. कॉक्रन नावाच्या कुटुंबाने १९६१ मध्ये घरामागच्या उतारावर दोरी लावून गावातल्या मुलांना वर खेचायला सुरुवात केली. त्याच घरातली बार्बरा ॲन कॉक्रन १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं सुवर्ण जिंकली, सेकंदाच्या दोन शतांशांनी. ती टेकडी आजही नफा न घेता चालते आणि शाळा सुटल्यावर तिथे मुलांची झुंबड असते. माझा मुलगा तिथेच शिकला.

आता महाराष्ट्राकडे वळते. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या खो-खो संघात माझी निवड झाली आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा नेमकी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात आली. मी कॉलेजात तीन टेबलांवर अर्ज फिरवला. प्रत्येक टेबलावर सांगण्यात आलं की तारीख बदलण्याचा अधिकार आमचा नाही. मी परीक्षा दिली, संघ माझ्याशिवाय गेला. पुढच्या वर्षी निवडीला मी गेलेच नाही. यात कुणी दुष्ट नव्हतं. नियमात ती खिडकीच नव्हती. आज माझी भाची पुण्यात शिकते, तिरंदाजी करते. यंदा राज्य स्पर्धेला गेली म्हणून अंतर्गत परीक्षेत तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा लागला. मधे इतकी वर्षं गेली. माझ्या वेळी निदान असं म्हणता येत होतं की सगळं वर्षाच्या परीक्षेवर बांधलेलं आहे, हलवता येणार नाही. आता तसं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट पद्धत आली, क्रेडिट साठवून ठेवणारी बँक आली, मधे थांबून परत येण्याची मुभा कागदावर आली. डार्टमथचा खेळाडू हिवाळा मोकळा ठेवतो तसा आपला तिरंदाज, आपली मल्ल, आपला रोइंगपटू हंगामातलं सेमिस्टर हलकं ठेवू शकतो, त्याला लागणारं यंत्र आपल्या विद्यापीठांकडे आलेलं आहे. ते वापरायचं कुणी, एवढंच ठरत नाही.

आणि सवलत दिली की मुलं गैरफायदा घेतील, ही आपल्या सदरातल्या एका सेवानिवृत्त प्राचार्यांची भीती मी वाचली. त्यांना आदराने सांगते, सर, वाढीव गुणांचा गैरफायदा घेता येतो, कारण प्रमाणपत्र एकदा दाखवलं की काम झालं. पुढे ढकललेल्या परीक्षेचा फायदा घ्यायचा तर परीक्षाच द्यावी लागते. माझ्या शिकवणीतली स्कीवाली मुलं व्हॅनमध्ये पुस्तक उघडून बसतात ती हौसेने नव्हे. परत आल्यावर सोमवारी पेपर आहे हे त्यांना माहीत असतं.

एक विनंती करते. स्पर्धांच्या तारखांचं ते एक पानी पत्र कसं असतं, त्याचा मी मराठीत मसुदा केला आहे. या पत्रासोबत जोडला आहे. वर खेळाडूचं नाव, विषय आणि वर्ष. मधे दोन रकान्यांत स्पर्धेच्या तारखा आणि त्या दिवशीचे तास व चाचण्या. खाली प्राध्यापकाने ठरवलेली पर्यायी तारीख. आणि तीन सह्या, खेळाडूची, क्रीडाशिक्षकाची आणि विषयाच्या प्राध्यापकाची. जागा असेल तर छापावा. त्यावर कुणाचा हक्क नाही. ज्या कॉलेजला हवा त्याने आपलं नाव वर घालून जूनमध्ये वापरायला सुरुवात करावी. आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या कॉलेजात हे आधीच चालू असेल तर तिथल्या क्रीडाशिक्षकांनी आपल्याच सदरात लिहावं, म्हणजे माझ्या भाचीच्या प्राचार्यांना दाखवायला व्हरमॉन्टचं नाही, शेजारच्या जिल्ह्यातलं उदाहरण मिळेल.

आपली नियमित वाचक,
बर्लिंग्टन, व्हरमॉन्ट (मूळ गाव मिरज)